सोमवारचे उंदीर

पनवेल,
१२ जानेवारी २०२५, रविवार

काशिरामकाका,

निवृत्तीच्या दिवशी तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, "फोन करू नका, मला ऐकू येत नाही. मेसेजही नको, तो सुनेच्या मोबाईलवर येतो आणि घरभर वाचला जातो. लिहायचं असेल तर पत्र लिहा." सगळे हसले. मीही हसले होते. आज खरंच लिहायला बसले, कारण दुसरं कुणाला विचारावं ते सुचत नाही.

प्रयोगशाळेत तुमच्या जागी हरेश आला आहे. पिंजरे स्वच्छ ठेवतो, भुसा वेळेवर बदलतो, पण उंदरांकडे बघत नाही. मिताली मॅडम विभागप्रमुख झाल्यापासून स्मरणशक्तीच्या चाचणीचं काम माझ्याकडे आलं आहे. चोवीस उंदीर आहेत. एका डब्यात दोन भोकं, डावं आणि उजवं. एका भोकात दिवा लागतो, विझतो, थोडा वेळ जातो. मग उंदराने आठवून त्याच भोकात नाक घालायचं. बरोबर असलं तर पाण्याचा एक थेंब मिळतो.

आता पोट भरून पाणी प्यायलेला उंदीर एका थेंबासाठी कशाला डोकं चालवेल? म्हणून पिंजऱ्यांवरच्या बाटल्या काढल्या आहेत. चाचणीत मिळेल तेवढं, आणि वर दिवसाला मोजून थोडंसं. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीची परवानगी आहे, रोज वजन करतो, सगळं नियमात आहे. पण मी आत गेले की ते बाटलीच्या रिकाम्या जागेची जाळी चाटायला लागतात. चोवीस पिंजऱ्यांतून तो बारीक आवाज येतो. सात नंबर तर डब्यात सोडला की कोपऱ्यात बसून राहतो. तहानलेला आहे, तरी हलत नाही. मॅडम म्हणतात, "अजून दोन दिवस पाणी कमी कर, येईल वठणीवर."

तुमच्या वेळी उंदीर कामाला कसे लागायचे?

आज रविवार, तरी वजनं करायला जाऊन आले. मजल्यावर कुणी नव्हतं. परत येताना कोन गावाच्या नाक्यावर रिक्षावाल्याला "पनवेल स्टँड" म्हणाले तेव्हा आवाज फाटला. दिवसभरात तोंडातून निघालेला तो पहिला शब्द होता. खोलीवर आल्यावर परभणीला आईला फोन केला. उंदरांचं काही सांगू लागले की ती जेवलीस का विचारते.

वेळ मिळेल तेव्हा लिहा.

तुमची
रुचिरा


करंजा, ता. उरण
२१ जानेवारी २०२५

रुचिराताईंना काशिरामचा नमस्कार पोचावा.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. लिहिताना मी शाळेतलं मराठी लिहायला बघतो, मध्येच घरचं येतं, ते चालवून घ्या.

तुमचा सात नंबर आळशी नाय. तो भ्यालेला हाय. भ्यालेल्या जनावराला तहान लागली तरी पाणी दिसत नाय. त्याला डब्यात कसं सोडता? शेपटीला धरून उचलत असाल. हरेशही तसंच उचलत असणार, सगळे तसंच शिकतात. ते बंद करा. पनवेलच्या बाजारात प्लंबिंगच्या दुकानातून दोन इंची पाईप घ्या, वीतभर तुकडे कापून मागा, कडा पॉलिशपेपरने घासा. एकेक तुकडा प्रत्येक पिंजऱ्यात टाका. दोन दिवसांत ते त्यात झोपायला लागतील. मग उचलायचं असेल तेव्हा उंदराला हात लावायचा नाय, तो पाईपात गेला की पाईपच उचलायचा, आणि डब्यात आडवा ठेवायचा. बाहेर यायचं तेव्हा तो आपला आपण येईल. घाई करायची नाय.

दुसरं, चाचणीच्या आधी आठवडाभर नुसतं जाऊन बसा. पिंजऱ्याचं झाकण उघडं, तुमचा हात आत, हातात काही नाय. वास ओळखीचा होऊ द्या. तुमचा प्रयोगशाळेतला अंगरखा रोज धुऊ नका, साबणाच्या वासाने ते दूर जातात.

पाण्याचं मला विचारू नका. ते मोठ्या लोकांनी ठरवायचं. मी तीस वर्षं भुसा बदलला.

इकडे बरं हाय. मुलगा कुंदन बंदरात कामाला जातो, सून प्रांजल घरचं बघते. दोघं चांगली हायत. पण कान गेल्यापासून माझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडायला लागतं, आणि ओरडून कोण किती बोलणार? आता हातानेच सांगतात. जेवायला चल, झोप, बाजूला हो. तेवढ्यात माझा दिवस बसतो. तुमच्या पत्रात पानभर बोलणं होतं. बरं वाटलं.

काशिराम


पनवेल,
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

काशिरामकाका,

पाईप चालला! दुकानदाराने विचारलं, "मॅडम, एवढे तुकडे कशाला?" मी म्हटलं, उंदरांसाठी, तर तो म्हणाला, "त्यापेक्षा पिंजरा घ्या ना, पुढच्याच दुकानात मिळेल." मी हसत राहिले तिथे उभी राहून.

सात नंबर तिसऱ्या दिवशी पाईपातून स्वतः बाहेर आला. सहाव्या दिवशी त्याने नाक घातलं. त्याला थेंब मिळाला तेव्हा मी मास्कच्या आत काहीतरी ओरडले.

पण तहान आहे तशीच आहे. मी वाचलं की काही ठिकाणी वेगळी पद्धत वापरतात. पिंजऱ्यात पाण्याची बाटली कायम ठेवायची, पण त्या पाण्यात थोडं सायट्रिक ॲसिड घालायचं, म्हणजे आपण ढोकळ्यात टाकतो ते लिंबूसत्त्व. उंदराला ते आंबट आवडत नाही, पण तहान लागली की पितो, हवं तेवढं पितो. तहानलेला राहत नाही. आणि डब्यात बरोबर उत्तर दिलं की गोड पाण्याचा थेंब. त्या थेंबासाठी तो आनंदाने काम करतो. मला हे इतकं पटलं की मी चार पानं लिहून मॅडमकडे गेले.

त्यांनी पहिलंच पान वाचलं. "नाही."

मी म्हटलं, "निदान आठ उंदरांवर बघू या का?"

"रुचिरा, पाण्याशी खेळ मला चालणार नाही. तुला माहीत नाही या खोलीने माझं काय केलं आहे ते."

मग त्यांनी सांगितलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. २००९ मध्ये त्या इथेच विद्यार्थिनी होत्या, हीच तहानेची पद्धत, हीच खोली. मंगळवार ते शनिवार त्यांचे उंदीर उत्तम चालायचे. सोमवारी एकही हलायचा नाही. आठवड्यामागून आठवडे तेच. त्यांनी डबा बदलला, दिवे बदलले, स्वतःचं तेल, साबण बदलला. त्यांचे गाइड सगळ्यांसमोर म्हणाले, "उंदरांना वार कळत नाहीत. तू आकडे मनाने भरतेस." दीड वर्षाचं काम फेकून द्यावं लागलं. त्या सोडून घरी गेल्या आणि दोन वर्षं कुठेच गेल्या नाहीत. मग दुसरीकडून दुसऱ्या विषयात पदवी घेतली.

"म्हणून माझ्या प्रयोगशाळेत सगळं मोजून आणि कडक," त्या म्हणाल्या. "दया मला परवडत नाही."

काका, तुम्ही तेव्हा तिथेच होतात ना? त्या सोमवारांचं काय असेल? तुम्हाला काही आठवतं का?

तुमची
रुचिरा


पनवेल,
४ मार्च २०२५, मंगळवार

काशिरामकाका,

तीन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. आधी वाटलं पोस्टात हरवलं. मग वाटलं तुमची तब्येत बिघडली. आता वाटतं मी मॅडमचं खासगी तुम्हाला लिहिलं ते तुम्हाला आवडलं नसावं. तसं असेल तर चूक झाली. पण आज मला लिहावंच लागणार आहे, कारण जे केलं ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

शनिवारी सात नंबर मेला. त्याचं वजन उतरत होतं, मी मॅडमना सांगितलं होतं, त्यांनी जास्तीचं पाणीही द्यायला लावलं. उशीर झाला. सकाळी गेले तर तो पाईपात होता. मला वाटलं झोपला आहे. मी बराच वेळ तो बाहेर यायची वाट बघत उभी राहिले.

रविवारी दुपारी वजनं करायला गेले. मजल्यावर कुणी नव्हतं. जाळी चाटायचा तो आवाज सुरू झाला आणि मी तेवीस बाटल्या भरून तेवीस पिंजऱ्यांवर लावल्या. अर्धा तास. ते किती प्यायले! मागच्या पायांवर उभे राहून, जाळीला धरून प्यायले. मग बाटल्या काढून, धुऊन, पुसून जागेवर ठेवल्या.

काल सोमवारी सगळ्यांचं वजन वाढलेलं होतं. मी रजिस्टरमध्ये शनिवारचेच आकडे थोडे इकडेतिकडे करून लिहिले. चाचणीत एकही नीट चालला नाही. मॅडमनी कागद बघून फाईलला लावला.

येत्या रविवारी पुन्हा देईन असं वाटतं. हे चूक आहे का?

रुचिरा


करंजा,
८ मार्च २०२५

रुचिराताई,

तुमचं पत्र आता तासापूर्वी आलं. प्रांजलला पोस्टात पाठवतोय, म्हणून आधी महत्त्वाचं लिहितो. हे मिळालं की दुसऱ्या दिवशी सकाळीच मिताली मॅडमच्या खोलीत जा आणि सगळं सांगा. पाणी दिलं ते सांगा, आकडे फिरवले ते सांगा. पुन्हा लपून पाणी देऊ नका. आता खाली लिहितो ते का, ते वाचा.

सोमवारचं मला ठाऊक हाय. ते मी केलं.

२००९ साली माझी बायको शांती डायलिसिसवर होती. आठवड्यातून दोनदा पनवेलला न्यायचो. डॉक्टरांनी तिला पाणी बांधून दिलं होतं. दिवसाला अर्धा लिटर. चहा, डाळीचं पाणी, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्यात. मार्च महिना होता. ती माझ्या मागे मागे फिरायची, "एक घोट द्या, कुणाला नाय सांगत." मी घरातला माठ उचलून शेजारच्या घरी ठेवून आलो. ती ओल्या फडक्याने ओठ पुसायची आणि मग ते फडकं चोखायची. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. द्यायला गेलो असतो तर ती पाण्यानेच मेली असती. म्हणून नाय दिलं.

आणि रविवारी मी ड्युटीवर एकटा. त्या खोलीत गेलो की ते जाळी चाटायचे. घरी मी "नाय" म्हणू शकलो, तिथे "नाय" म्हणता आलं नाय. दर रविवारी दुपारी मी बाटल्या लावायचो. त्या वेळी वजन फक्त शनिवारी व्हायचं. कुणाला कळलं नाय.

मला वाटायचं मी पुण्य करतोय. त्याने चाचणी बिघडते हे मला माहीत नव्हतं, देवाशपथ. मग एका सोमवारी धुण्याच्या खोलीत मिताली मॅडम रडताना दिसल्या. बाहेर त्यांचे साहेब कुणाला सांगत होते, मुलगी खोटारडी हाय, सोमवारचे आकडे बघा. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. एक शब्द बोललो असतो तर त्या सुटल्या असत्या. नाय बोललो. नोकरी गेली असती तर शांतीचं काय, असं मनाला सांगितलं. रविवारचं पाणी बंद केलं, पण तोवर त्या निघून गेल्या होत्या. शांती दिवाळीच्या आधी गेली. त्यानंतर तर बोलायला काही कारण नव्हतं, तरी नाय बोललो.

मग त्या मॅडम होऊन परत आल्या. मी त्यांना दहा वर्षं चहा दिला. निवृत्तीला शाल दिली त्यांनीच. तुमी होता की तिथे. मला वाकून काहीतरी म्हणाल्या. ऐकू आलं नाय म्हणून नंतर हरेशकडून लिहून घेतलं. "त्या दिवसांत माझ्याशी नीट वागणारे तुम्ही एकटे होता."

तुमचं फेब्रुवारीचं पत्र उशीखाली ठेवून झोपतोय. उत्तर काय लिहू?

ताई, तुमी उंदरांची तहान बघितली ते चूक नाय. लपून दिलं ते चूक. लपून दिलेल्या पाण्याचे पैसे दुसरंच कुणीतरी भरतं. तुमची ती आंबट पाण्याची गोष्ट उघड्यावर भांडून मिळवा. माझं तुमी सांगू नका. मी मॅडमना स्वतः लिहितो.

काशिराम


पनवेल,
२० एप्रिल २०२५, रविवार

काशिरामकाका,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण मला वाटत होतं की मॅडमचं उत्तर तुम्हाला आधी जावं. ते गेलं नाही हे त्यांच्याकडूनच परवा कळलं, म्हणून लिहिते.

तुमचं मार्चचं पत्र मला १२ तारखेला, बुधवारी मिळालं; मधल्या रविवारी मी पाणी दिलं नव्हतं. गुरुवारी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले.  सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "किती वेळ पाणी दिलंस?"

"अर्धा तास."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी एकही चालला नाही."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "रविवारी. रविवारी कुणीतरी..." आणि थांबल्या. पंधरा वर्षांत हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं, काका. त्यांनी उंदरांवर, डब्यावर, स्वतःवर शंका घेतली. कुणाला त्यांच्या उंदरांची दया आली असेल, ही शक्यता त्यांनी धरलीच नव्हती.

"तुला हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही. ते खरं होतं, तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं. त्या आठवड्याचे आकडे त्यांनी माझ्यासमोर रद्द केले, समितीला कळवलं, मला लेखी ताकीद दिली. ती मला मान्य आहे.

तुमचं पत्र त्यांना शनिवारी आलं असावं. सोमवारपासून त्या तीन दिवस रजेवर होत्या. परत आल्या तेव्हा माझी ती चार पानं त्यांच्या हातात होती, कडेला पेन्सिलने खुणा केलेली. म्हणाल्या, "आठ उंदीर. समितीची परवानगी आण. आणि आंबटपणा किती ते आधी ठरव, अंदाजाने नको."

परवानगी येऊन काम सुरू केल्याला आता तीन आठवडे झाले. पहिला आठवडा काहीच जमेना. आठही जण आंबट पाणी पिऊन आरामात बसायचे, डब्यात गेले की हुंगून परत पाईपात. मला वाटलं हरले. मॅडमनी तेव्हा "बघ, सांगितलं होतं" म्हटलं नाही. आंबटपणा किंचित वाढवला, गोड पाणी थोडं जास्त गोड केलं. दहाव्या दिवशी दोन जण लागले, मग बाकीचे. आता ते तहानेच्या गटाइतकंच बरोबर उत्तर देतात. थोडे कमी वेळा खेळतात, पण चुकत नाहीत. वजनं भरलेली आहेत. आणि त्या ओळीतून जाळी चाटायचा आवाज येत नाही. उरलेल्या पंधरांनाही मेपासून हीच पद्धत लावायची आहे.

काम संपलं की या सगळ्यांचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ते मी बदलू शकत नाही. तोवरचे दिवस बरे जावेत एवढंच.

काल मॅडमनी विचारलं, "काशिराम करंज्यात नक्की कुठे राहतात?" मी पत्ता लिहून दिला. तो त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला. कशाला ते मी विचारलं नाही.

तुमची
रुचिरा


करंजा,
५ मे २०२५

रुचिराताई,

काल मॅडम येऊन गेल्या.

मी अंगणात सुकट वाळत घालून कावळे हाकत बसलो होतो. त्या कधी मागे येऊन उभ्या राहिल्या कळलं नाय. सुकटीवर सावली पडली म्हणून वळलो. मी उठायला गेलो. त्यांनीच हाताने खूण केली, बसा. प्रांजलने खुर्ची आणली, चहा आणला. मला ऐकू येत नाय हे त्यांना ठाऊक, तरी प्रांजलने वही आणि पेन त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी पेन उघडलं. वहीवर टेकवलं. मग तसंच बंद करून बाजूला ठेवलं आणि बोलायला लागल्या.

मी म्हटलं, "मॅडम, मला ऐकू येत नाय." त्यांनी मान हलवली. ठाऊक हाय, अशी. आणि बोलत राहिल्या.

अर्धा तास बोलल्या असतील, जास्तच. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मध्ये त्यांचा आवाज चढला असणार, कारण शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. मग आवाज उतरला असावा, ती माणसं आत गेली. एकदा त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. एकदा रडल्या. एकदा हसल्या, ते का ते समजलं नाय. मी नजर खाली घातली नाय. कावळे सुकटीवर उतरले, ते खात होते, पण मी उठलो नाय.

मग बोलणं संपलं. चहा थंड झाला होता, तो पूर्ण प्यायल्या. मी हात जोडले. त्यांनी माझे हात धरले नाहीत, दूरही लोटले नाहीत. उभ्या राहिल्या, पदराने तोंड पुसलं, प्रांजलला काहीतरी विचारलं. तिने भिंतीवरचा शांतीचा फोटो दाखवला. त्याच्यासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी रस्त्यापर्यंत गेलो. रिक्षात बसल्या, रिक्षा गेली.

घरी आलो तर प्रांजल दारात उभी होती, डोळे लाल. स्वयंपाकघरातून तिला सगळं ऐकू आलं होतं. ती खुणेने म्हणाली, वहीत लिहून देऊ का, त्या काय बोलल्या ते?

मी नको म्हटलं.

ताई, रात्रीपासून तेच डोक्यात हाय. मला माफ केलं का, शिव्या दिल्या का, ते त्या बोलण्यातच असेल. विचारलं तर आता कळेल. पण त्या इतकी वर्षं हे असं मोकळेपणी कुणाजवळ बोलल्या नसतील, आणि माझ्याजवळ बोलता आलं ते मला ऐकू येत नाय म्हणूनच. ते त्यांचं त्यांच्याकडे राहू दे. आणि जे मला त्यातून मिळणार होतं, ते न मिळालेलंच बरं. मी ते मागायला उशीर केला.

प्रांजलला सांगितलं, कुंदनलाही सांगू नको.

तुमी कधी इकडे याल तर या.

काशिराम